ट्यूब जाणार, एलईडी येणार. पण उजेडाचे काय?

प्रतिनिधी, विंचूर (जि. नाशिक)

कारखान्यांच्या छताला लटकणाऱ्या चार फुटी ट्यूबलाइटचे दिवस आता भरत आले आहेत. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणाऱ्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत त्यासंबंधीचा निर्णय घेतला. त्यानुसार जुन्या हॅलोफॉस्फेट प्रकारच्या नळ्यांचे उत्पादन, आयात आणि निर्यात २०२६ अखेर, तर सुधारित ट्रायबँड नळ्यांची २०२७ अखेर थांबवायची आहे. भारताने २०१८ मध्ये या करारास अनुमोदन दिले. युरोपीय महासंघाने तर ऑगस्ट २०२३ पासूनच नव्या ट्यूब बाजारात आणण्यास मनाई केली आहे. करारात मुदतवाढ मागण्याची तरतूद असली, तरी दिशा ठरलेली आहे.

जिनिव्हातील हा ठराव निफाड तालुक्यातील विंचूरसारख्या गावापर्यंत कसा पोहोचणार, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. एक दिवा काढून दुसरा लावायचा, इतकाच तो मामला दिसतो. प्रत्यक्षात या बदलात वीजबिल, कामगारांचे डोळे आणि बोटे, द्राक्षमालाची प्रत आणि गावाच्या उकिरड्यावर जाणारा पारा असे अनेक धागे गुंतलेले आहेत. त्यामुळे या बदलाकडे केवळ बचतीच्या जाहिरातीतून पाहणे पुरेसे नाही.

विंचूरच का?

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या मार्गावर, लासलगावच्या शेजारी वसलेले विंचूर हे सरदार विंचूरकरांचे गाव म्हणून इतिहासात परिचित आहे. आजची त्याची ओळख कांदा आणि द्राक्षे ही आहे. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यानंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे गोदावरी वाइन पार्क उभारले. त्याचेच भावंड असलेले कृष्णा वाइन पार्क सांगली जिल्ह्यात पलूस येथे झाले. त्यामुळे एकाच परिसरात तीन वेगवेगळ्या प्रकारच्या कार्यशाळा नांदताना दिसतात. पहिल्या प्रकारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शेती अवजारे आणि फवारणी यंत्रे यांची जुळणी व दुरुस्ती करणारी लेथ-वेल्डिंगची दुकाने येतात. द्राक्षे निवडणारी, प्रतवारी करणारी पॅकहाउस हा दुसरा प्रकार, तर वाइनरी हा तिसरा. तिन्ही ठिकाणी छताला पत्रा आणि पत्र्याखाली ट्यूब हेच चित्र वर्षानुवर्षे राहिले. परंतु उजेडाची गरज मात्र तिघांचीही वेगळी आहे. एकच एलईडी नळी तिघांनाही चालेल, हा समज येथेच मोडीत निघतो.

बचतीचे गणित

आधी पैशांचा हिशेब. ३६ वॅटची ट्यूब म्हटली, तरी ती ३६ वॅटवर भागत नाही. तिच्या पट्टीतील तांब्याच्या तारेचा जुना चोक बारा-चौदा वॅट उष्णतेच्या रूपाने खर्च करतो. म्हणजे एका पट्टीचा खरा भार ५० वॅटच्या आसपास जातो. तिच्या जागी १८ ते २० वॅटची एलईडी नळी बसते.

उदाहरणादाखल ४० ट्यूब असलेली कार्यशाळा घेऊ. जुना भार दोन किलोवॅट, नवा भार ०.८ किलोवॅट, बचत १.२ किलोवॅट. दिवे रोज दहा तास आणि वर्षाला ३०० दिवस चालतात असे धरले, तर वर्षाकाठी ३,६०० युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये दर गृहीत धरल्यास ही रक्कम २८,८०० रुपये होते. नळी आणि जोडणी मिळून प्रत्येकी ४०० रुपये खर्च मानला, तर १६,००० रुपयांची गुंतवणूक सात महिन्यांच्या आत वसूल होते.

या गणितातील कळीचा आकडा वॅटचा नसून तासांचा आहे. दिवसा दरवाजे उघडे ठेवून काम करणाऱ्या आणि केवळ सायंकाळी चार तास दिवे लावणाऱ्या दुकानात हीच बचत ११,५२० रुपयांवर येते आणि वसुलीला सुमारे १७ महिने लागतात. तोही सौदा वाईट नाही. मात्र नेमका याच ठिकाणी स्वस्तातील नळी वर्षभरात बंद पडली, तर बचत कागदावरच राहते.

दुसरी बाब अशी, की बहुतेक कार्यशाळांत दिव्यांचा वाटा एकूण विजेत लहानच असतो. लेथच्या मोटारी, वेल्डिंगची यंत्रे आणि कॉम्प्रेसर, पॅकहाउसमध्ये शीतगृह, वाइनरीत टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा हेच विजेचे खरे ग्राहक. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये सुरू केलेल्या ‘अदिती’ योजनेत ऊर्जाबचतीच्या यंत्रसामग्रीसाठीच्या कर्जावर सूक्ष्म व लघु उद्योगांना पाच टक्के, तर मध्यम उद्योगांना तीन टक्के व्याज सवलत आहे. तिच्यासाठी किमान दहा टक्के ऊर्जाबचत दाखवावी लागते. केवळ दिवे बदलून ही अट पूर्ण करणे अनेकांना जमणार नाही. मोटारी आणि कॉम्प्रेसर यांच्यासह एकत्र प्रस्ताव केला, तरच त्याचा उपयोग.

स्वस्ताईचा इतिहास

एलईडी इतकी स्वस्त कशी झाली, हेही समजून घेणे आवश्यक आहे. निळा प्रकाश देणारा डायोड १९९० च्या दशकात जपानमध्ये साकारला. त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या डायोडवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला, की पांढरा प्रकाश मिळतो. आजच्या बहुतेक दिव्यांचे तत्त्व हेच आहे.

भारतात या दिव्याला घराघरांत नेले ते जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केल्यामुळे २०१४ मध्ये ३१० रुपयांना मिळणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आला. पुढील काळात ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. परंतु त्याच योजनेत वाटलेल्या एलईडी नळ्यांची संख्या लाखांतच राहिली. घरातील बल्ब बदलला. कारखान्यातील ट्यूब मात्र बऱ्याच अंशी जागच्या जागी राहिली.

धोरणातील विसंगतीही नोंदवण्याजोगी आहे. एकीकडे बचतीचा आग्रह धरला जात असताना १८ जुलै २०२२ पासून एलईडी दिव्यांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून १८ टक्के करण्यात आला. नोंदणीकृत कारखानदाराला त्याची वजावट मिळते. आपसमेळ योजनेतील किंवा नोंदणीच नसलेल्या लहान दुकानदाराला तो पदरचा भरावा लागतो.

फिरणारा चक थांबलेला दिसतो तेव्हा

लेथवर काम करणाऱ्यांच्या दृष्टीने उजेडाचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. आपल्याकडील वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्याने साध्या चोकवरील ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. हा लुकलुकाट डोळ्यांना जाणवत नाही. पण फिरत्या यंत्रावर त्याचा परिणाम होतो. चार जबड्यांचा चक मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर दोन उजळण्यांच्या दरम्यान तो बरोबर पाव फेरा पूर्ण करतो. प्रत्येक उजळणीला जबडे त्याच जागी दिसतात आणि चक थांबल्याचा किंवा संथ फिरत असल्याचा भास होऊ शकतो. अशा भासावर विश्वास ठेवून हात पुढे गेला, तर काय होईल हे सांगायला नको.

जुने वायरमन यावर उपाय म्हणून शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडत. म्हणजे एक मंद असताना दुसरी उजळलेली राही. एलईडी आली म्हणजे हा धोका आपोआप गेला, असे मानणे चुकीचे आहे. चांगला ड्रायव्हर असलेल्या नळीत लुकलुकाट नगण्य असतो. परंतु पैसे वाचविण्यासाठी ड्रायव्हरमधील गाळणीचे भाग काढून टाकलेली नळी ट्यूबपेक्षाही अधिक लुकलुकते, कारण ट्यूबच्या आतील फॉस्फर क्षणभर तरी प्रकाश धरून ठेवतो. याची प्राथमिक परीक्षा सोपी आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहावे. पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकताना दिसले, तर ती नळी लेथवर टांगू नये.

उजेडाचे प्रमाण हा दुसरा मुद्दा. भारतीय मानक आयएस ३६४६ नुसार यंत्रशाळेतील ढोबळ कामाला साधारण ३०० लक्स, मध्यम कामाला ५०० आणि बारीक कामाला ७५० लक्स उजेड अपेक्षित आहे. ट्यूब चहूबाजूंनी प्रकाश फेकते. तिचा वरचा प्रकाश छतावर जातो आणि पट्टीला परावर्तक नसेल तर बराचसा वायाही जातो. एलईडी नळी प्रामुख्याने खालच्या दिशेने उजळते. त्यामुळे कमी प्रकाश देऊनही टेबलावर ती ट्यूबच्या बरोबरीने उजेड पाडते. मात्र छत अंधारते, भिंतींवरील प्रकाश कमी होतो आणि यंत्राच्या उभ्या बाजूंवर सावल्या गडद होतात. मोजमापे उभ्या फळीवर लिहिलेली असली किंवा यंत्राच्या पोटात डोकावून काम करायचे असले, तर हा फरक लगेच जाणवतो. ‘एकाला एक’ असा बदल करण्याआधी पट्ट्यांच्या जागा आणि उंची तपासणे म्हणूनच गरजेचे ठरते. उंच शेडमध्ये तर नळ्यांऐवजी हाय-बे प्रकारचे दिवे आणि यंत्रावर स्वतंत्र छोटा दिवा ही जोडी अधिक उपयुक्त.

द्राक्षाचा रंग, वाइनचा वास

पॅकहाउसमधील कसोटी वेगळी आहे. तेथे निवड करणाऱ्या महिलांना हिरवट, पिवळसर आणि डागाळलेला मणी क्षणात ओळखायचा असतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, हे रंगदर्शक निर्देशांकावरून ठरते. कामाच्या जागी तो किमान ८० असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. जुन्या हॅलोफॉस्फेट ट्यूब यात कमी पडत. चांगली एलईडी ही उणीव भरून काढते, स्वस्त एलईडी ती तशीच ठेवते. शिवाय युरोपात माल पाठविणाऱ्या पॅकहाउसच्या तपासणीत मालावर काच फुटण्याच्या शक्यतेकडे कटाक्षाने पाहिले जाते. पॉलिकार्बोनेटची एलईडी नळी फुटून काच सांडत नाही, हा तिचा लाभ येथे वीजबचतीपेक्षा मोठा ठरू शकतो.

वाइनरीत याहून सूक्ष्म प्रश्न आहे. वाइनमधील रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व अतिनील आणि निळा प्रकाश शोषून घेते. त्यातून गंधकयुक्त संयुगे तयार होऊन वाइनला उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ शकतो. फ्रेंच भाषेत या दोषाला ‘प्रकाशाची चव’ अशा अर्थाचे नाव आहे. पांढऱ्या व फसफसत्या वाइनला आणि रंगहीन बाटल्यांना त्याचा धोका अधिक. म्हणूनच शॅम्पेनमधील ‘क्रिस्टल’ ही पारदर्शक बाटली पिवळ्या कागदात गुंडाळून विकली जाते. ट्यूबमधून थोडा अतिनील प्रकाश बाहेर पडतो; पांढऱ्या एलईडीत तो जवळपास नसतो. मात्र ४५० नॅनोमीटरच्या आसपास तिचा निळा झोत असतो आणि ‘कूल व्हाइट’ दिव्यात तो अधिक तीव्र असतो. त्यामुळे साठवणुकीच्या दालनात पिवळसर छटेचे दिवे लावणे आणि माणूस नसताना ते बंद ठेवणे, हेच शहाणपणाचे.

थंडी सोसते, उन्हाळा सोसत नाही

निफाड तालुका राज्यातील कडाक्याच्या थंडीसाठी प्रसिद्ध आहे. येथील पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. अशा पहाटे ट्यूब उशिरा लागते, फडफडते आणि मंद जळते. एलईडीला थंडी मानवते. तिचा वैरी उन्हाळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या पत्र्याखाली बंदिस्त पट्टीत बसविलेल्या ड्रायव्हरमधील कपॅसिटरचे आयुष्य तापमानातील दर दहा अंशांच्या वाढीबरोबर साधारण निम्मे होते. खोक्यावर छापलेले ‘५० हजार तास’ हे आकडे बहुधा डायोडचे असतात. नळी बंद पडते ती ड्रायव्हरमुळे.

ग्रामीण वीजपुरवठ्याचा लहरीपणा हा आणखी एक घटक. रोहित्रावरील न्यूट्रल तुटला, की एका फेजवरील दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो आणि त्या फेजवरील सर्व नळ्या एकाच वेळी जातात. जुना चोक असे काही धक्के पचवीत असे. त्यामुळे दिव्यांच्या खर्चात लाट-संरक्षक उपकरणाचा आणि चांगल्या अर्थिंगचा खर्च धरला पाहिजे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टरवर दोन ट्यूब कशाबशा चालविणाऱ्या दुकानांना आज त्याच बॅटरीवर पाच एलईडी नळ्या चालविता येतात, हा लाभही विसरता येणार नाही.

जोडणीतील निष्काळजीपणा हा सर्वांत दुर्लक्षित धोका. नवी नळी जुन्या पट्टीत बसवताना स्टार्टर काढून चोक वगळावा लागतो. तो तसाच ठेवला, तर नळी कदाचित लागेल, पण चोक वीज खातच राहतो. काही नळ्यांना एकाच टोकाला वीज द्यावी लागते, काहींना दोन्ही टोकांना. दोन टोकांच्या नळीचे एक टोक खोबणीत आणि दुसरे हातात असताना शॉक बसण्याची शक्यता असते. पट्टीची जोडणी बदलल्यावर तिच्यावर तशी स्पष्ट चिठ्ठी लावणे आणि मुख्य स्वीच बंद करूनच नळी बदलणे, ही साधी पथ्ये आहेत.

मोठ्या कारखान्यांना पॉवर फॅक्टरकडेही लक्ष द्यावे लागेल. उच्चदाब ग्राहकांची आकारणी १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने होते. कमी पॉवर फॅक्टरची एलईडी घेतली, तर वॅटमध्ये वाचलेले काही अंशी बिलात परत जाते. ०.९ किंवा त्याहून अधिक पॉवर फॅक्टर असलेलाच दिवा मागावा.

कायद्याच्या उजेडाबाहेरचे

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १७ ने कामाच्या प्रत्येक जागी पुरेसा आणि योग्य उजेड ठेवणे, डोळे दिपणार नाहीत आणि धोकादायक सावल्या पडणार नाहीत याची दक्षता घेणे बंधनकारक केले होते. खिडक्या आणि छतावरील काचा स्वच्छ ठेवाव्यात, इतका तपशील त्यात होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा अधिनियम विलीन झाला असून पुरेशा उजेडाची तरतूद तेथेही आहे. मात्र विजेवर चालणाऱ्या जागेला ‘कारखाना’ ठरण्यासाठी २० कामगारांची मर्यादा आहे आणि ‘आस्थापना’ ठरण्यासाठी साधारणपणे दहांची. चार-पाच माणसांवर चालणारे लेथचे दुकान या चौकटीच्या बाहेरच राहते. लक्स मोजायला तेथे कोणी निरीक्षक येणार नाही. तेथील कारागिराची नजर आणि बोटे ही मालकाच्या समजूतदारपणावर सोपविलेली आहेत.

जुन्या नळ्यांचे काय?

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी उरतो. प्रत्येक ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. जुन्या जाड नळ्यांत तो अधिक. एका नळीतील प्रमाण नगण्य वाटले, तरी एका गावातील सर्व कार्यशाळांनी दोन-तीन वर्षांत आपल्या नळ्या उतरविल्या, तर हजारो नळ्यांचा ढीग होईल. भंगारवाला चोक आनंदाने नेतो, कारण त्यात तांबे आणि लोखंड आहे. काचेच्या नळीला भंगारात भाव नाही. ती फोडून उकिरड्यावर किंवा शेताच्या बांधावर जाते आणि पारा हवेत, मातीत व पाण्यात मिसळतो. कांदा आणि द्राक्षे पिकविणाऱ्या, विहिरींवर जगणाऱ्या परिसराला हे परवडणारे नाही.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत पारायुक्त दिव्यांचा समावेश असून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. नियम आहे, नळी नेमकी कोठे द्यायची, हे सांगणारा फलक मात्र गावपातळीवर सहसा दिसत नाही. औद्योगिक वसाहतीतील उद्योजकांनी एकत्र येऊन नळ्या न फोडता मूळ खोक्यांत साठविल्या आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे एकगठ्ठा पाठविल्या, तर वाहतुकीचा खर्च विभागला जाईल. औद्योगिक विकास महामंडळ आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी वसाहतीत एक संकलन कक्ष उभारणे फारसे खर्चिक नाही.

ट्यूब ते एलईडी हे स्थित्यंतर अटळ आहे आणि एकंदरीत हिताचेही. वर म्हटलेल्या ४० नळ्यांच्या कार्यशाळेतील ३,६०० युनिटांची बचत म्हणजे वर्षाला सुमारे अडीच टन कर्बवायू कमी. परंतु मुदत संपता संपता घाईने घेतलेली सर्वांत स्वस्त नळी हे लाभ हिरावून घेऊ शकते. भारतीय मानक ब्यूरोची खूण, पक्के बिल, किमान दोन वर्षांची हमी, पॉवर फॅक्टर आणि रंगदर्शक निर्देशांक या पाच गोष्टी पाहून केलेली खरेदी आणि सगळे दिवे बदलण्याआधी एका कोपऱ्यात महिनाभर घेतलेली चाचणी, एवढी काळजी लहान दुकानालाही घेता येईल. ट्यूब बंद करण्याची तारीख जिनिव्हात ठरली. तिच्या जागी येणारा उजेड कसा असावा, हे मात्र विंचूरच्या शेडमध्येच ठरायचे आहे.